डोळ्यांदेखत घडणारी जादू : नवशिक्यांसाठी पहिले पाच प्रयोग

काही जादू समजावून सांगावी लागते. पत्ता निवडा, लक्षात ठेवा, गड्डीत घाला, आता तीन ढीग करा... बघणाऱ्याला शेवटपर्यंत हिशेब ठेवत बसावं लागतं. पण मुठीतलं नाणं नाहीसं झालं, रबरबँडने दोन बोटांवरून शेजारच्या दोन बोटांवर उडी मारली, अंगठी आपसूक वर चढली, की समजावण्यासारखं काही उरत नाही. समोरचा कुठलीही भाषा बोलो, चार वर्षांचा असो की ऐंशीचा, काय घडलं ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. शिकायला सुरुवात करायची तर याच जातीच्या प्रयोगांपासून करावी. सामान थोडं लागतं, प्रयोग अर्ध्या मिनिटात संपतो आणि कुठे चुकलं ते लगेच कळतं.

इथे दिलेले पाच प्रयोग सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. सामान म्हणून चार-पाच रबरबँड, एक साधी अंगठी, एक मोठं नाणं, एक पेन, रेशमी रुमाल, थम्ब टिप (अंगठ्यावर बसणारी पोकळ टोपी) आणि पत्त्यांचा कॅट एवढं पुरे. अर्थात एका दिवसात पाचही शिकायचे नाहीत. पहिला एका संध्याकाळी बसेल. तिसऱ्याला काही आठवडे द्यावे लागतील, आणि ते द्यायलाच हवेत.

काम आधी, जादू नंतर

प्रत्येक प्रयोगात दोन वेगळे क्षण असतात. एका क्षणी तुम्ही गुपचूप काम करता, म्हणजे नाणं दुसऱ्या हातात ठेवून देता किंवा दोन पत्ते एकत्र उचलता. दुसऱ्या क्षणी जादू घडलेली दिसते. नवशिक्याच्या हातात हे दोन्ही क्षण एकमेकांना चिकटलेले असतात. तो नाणं लपवतो आणि पुढच्याच सेकंदाला मूठ उघडून दाखवतो. प्रेक्षकाला एवढंच आठवावं लागतं की आत्ता, एका सेकंदापूर्वी, या माणसाने काय केलं, आणि तो बरोबर दुसऱ्या हाताकडे बोट दाखवतो.

या दोन क्षणांमध्ये चार-पाच सेकंदांचं अंतर पडलं की प्रयोगाचं रूपच पालटतं. प्रेक्षक जादू शोधतो ती मूठ उघडण्याच्या क्षणात, आणि तिथे सापडण्यासारखं काही नसतं, कारण काम कधीच उरकलेलं असतं. पुढचे पाचही प्रयोग शिकताना स्वतःला हाच प्रश्न विचारत राहा : माझं काम कधी संपतं आणि जादू कधी दिसते?

पहिला : उडी मारणारं रबरबँड

रबरबँड तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती आरामात बसेल इतपत सैल हवं. फार घट्ट असेल तर बोटं आत जाताना दिसतात. फार ढिलं असेल तर उडीत जोर राहत नाही आणि बँड मध्येच अडकतं.

१. डावा हात छातीच्या उंचीवर, बोटं वर करून धरा. तळवा तुमच्याकडे, हाताची मागची बाजू प्रेक्षकांकडे. रबरबँड तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी चढवा.

२. उजव्या हाताने बँड स्वतःच्या दिशेला एक-दोनदा ताणून सोडा, जणू ते खरं आणि मजबूत आहे हे दाखवताय. हे ताणणं पुढच्या कामाचं निमित्त आहे.

३. तिसऱ्यांदा ताणलंत की डाव्या हाताची मूठ वळा आणि चारही बोटांची टोकं त्या ताणलेल्या फटीत घालून बँड सोडून द्या. आता बँड तुमच्या बाजूने चारही बोटांच्या टोकांवर, नखांच्या जरा खाली आडवं आलेलं असतं. प्रेक्षकांच्या बाजूने मात्र ते अजूनही पहिल्या दोन बोटांच्या मुळाशीच दिसतं.

४. थांबा. उजवा हात पूर्ण बाजूला न्या. प्रेक्षकाकडे बघून म्हणा, "डोळे मिटू नका." श्वासभर वेळ जाऊ द्या.

५. मूठ झटकन सरळ उघडा. बँड अनामिका आणि करंगळीवर जाऊन बसतं.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि प्रयोगाचा सगळा जीव तिच्यात आहे. मूठ वळताना हात किंचित खाली झुकवला तर बोटं आत घालण्याची हालचाल त्या झुकण्यात मिसळून जाते. बँड अर्ध्यावर अडकत असेल तर चारपैकी एखादं बोट फटीत नीट गेलेलं नसतं. बहुतेक वेळा ती करंगळीच असते.

हे जमलं की दुसरं, वेगळ्या रंगाचं बँड घ्या आणि चारही बोटांच्या टोकांना प्रत्येक बोटानंतर एक पीळ देत अडकवा. जणू वर कुलूपच लावलं. पहिलं बँड तरीही उडी मारतं, कारण त्याचा मार्ग बोटांच्या मुळाशी आहे आणि कुलूप टोकांशी. पहिल्या उडीपेक्षा ही दुसरी उडी लोकांच्या जास्त लक्षात राहते.

दुसरा : चढावर चढणारी अंगठी

बारीक, दोन ते तीन मिलिमीटर रुंद रबरबँड एका ठिकाणी कापून त्याची पट्टी करा. अंगठी आतून गुळगुळीत आणि खड्याशिवाय असावी. प्रेक्षकाचीच मागितली तर उत्तम.

पट्टीत अंगठी ओवा. डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत पट्टीचं एक टोक घट्ट धरा. उजव्या हाताची चिमूट मात्र दुसऱ्या टोकाला लावायची नाही, तर डाव्या हातापासून दोन-तीन सेंटिमीटरवर लावायची. उरलेली लांब शेपटी उजव्या मुठीत दडवा. आता दोन हातांमधला छोटा तुकडा दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत ताणा. पूर्ण पट्टी ताणून धरली आहे असंच दिसतं. डावा हात वर आणि उजवा खाली, असा तीस-चाळीस अंशांचा उतार करा. अंगठी घसरत येऊन उजव्या चिमटीला टेकेल.

यापुढे हात हलवायचे नाहीत. उजव्या चिमटीची पकड केसभर सैल करा आणि दडवलेलं रबर इंचाइंचाने बाहेर सरकू द्या. ताणलेला भाग आकसत वर जातो आणि त्याच्यावर टेकलेली अंगठी त्याच्यासोबत वर जाते. डोळ्यांना दिसतं ते एवढंच : स्थिर हात, स्थिर दोरी आणि चढत जाणारी अंगठी.

इथे सगळ्यात जास्त नडतो तो घाम. ओलसर चिमटीतून रबर धक्क्याधक्क्याने सुटतं आणि अंगठी उचक्या देत चढते. आधी बोटं पुसून त्यांना किंचित टाल्कम पावडर लावा. अंगठी चढण्याऐवजी जागच्या जागी घसरत असेल तर उतार जास्त झालाय किंवा ताण कमी पडतोय. आणि दडवलेली शेपटी संपण्याआधी थांबा. टोक बोटांतून निसटलं तर रबर फटकन वर जातं आणि रहस्यही त्याच्यासोबत उघडं पडतं.

प्रयोग संपला की दोन्ही हात जवळ आणून ताण सोडा आणि मगच पट्टी प्रेक्षकाच्या हातात द्या. मग खुशाल तपासू दे. ते साधं रबरच आहे.

तिसरा : नाणं, आणि नजर कुठे जाते

पाचांपैकी एकच नीट शिकायचा असेल तर हा शिका. यात येणारं कौशल्य चेंडूला, अंगठीला, कागदाच्या बोळ्याला, सगळ्याला लागू पडतं.

नाणं पंचवीस ते तीस मिलिमीटर व्यासाचं घ्यावं. लहान नाणं लपवायला सोपं, पण समोरच्याला ते धड दिसतच नाही; आणि जे नीट दिसलं नाही ते नाहीसं झाल्याचं कुणाला काही वाटत नाही. कडेला दाते असलेलं नाणं बोटांत चांगलं रुततं. गुळगुळीत कडेचं निसटतं.

आधी धरायला शिका. उजव्या हाताची मधलं बोट आणि अनामिका जिथे तळव्याला जोडलेली आहेत तिथे नाणं ठेवा आणि बोटं जराशी आत वाकवा, झोपलेल्या माणसाच्या हातासारखी. नाण्याची एक कड बोटांच्या मुळाशी आणि दुसरी पहिल्या पेराच्या वळीशी टेकते. यालाच फिंगर पाम म्हणतात. असं नाणं धरून घरात वावरा. दार उघडा, पाण्याचा ग्लास उचला, फोनवर बोला, केस मागे सारा. पहिले दोन-तीन दिवस हात लाकडासारखा दिसेल आणि अंगठा उगाच ताठ उभा राहील. नाणं हातात आहे हे तुम्ही स्वतः विसरायला लागलात की हात सैल दिसायला लागतो, आणि पुढच्या पायरीची वेळ होते.

आता एक काम करा, जे करायचा बहुतेकांना कंटाळा येतो. नाणं उजव्या हातातून डाव्या हातात खरोखर द्या. काहीही लपवू नका. वीस वेळा द्या आणि स्वतःकडे बारकाईने बघा. डाव्या हाताची बोटं कधी मिटायला लागतात? नाणं तळव्यावर पडताना डावा हात किंचित खाली दबतो का? तुम्ही कुठे बघता? रिकामा झालेला उजवा हात कुठे जातो? सहसा दिसतं ते असं : नाणं पडताच डावी बोटं मिटतात, डोळे डाव्या मुठीमागे जातात, आणि उजवा हात निष्काम होऊन खाली येतो, त्याची तर्जनी किंचित सैल बाहेर राहते. हेच तुमचं मूळ चित्र. खोटं देणं म्हणजे या चित्राची हुबेहूब नक्कल, फक्त नाणं उजव्या हातातच राहतं.

नक्कल अशी करायची. नाणं उजव्या तळहातावर, बोटांच्या मुळाजवळ सगळ्यांना दाखवा. डावा तळवा उघडा धरा. नाणं ओतल्यासारखा उजवा हात डाव्या तळव्याकडे कलता करा आणि कलतानाच मधलं बोट व अनामिका नाण्याभोवती हलकेच वाकवा. उजव्या बोटांची टोकं डाव्या तळव्याला टेकली की डावी बोटं मिटा, वर उचला आणि मूठ शरीरापासून लांब न्या. उजवा हात आधी हलायचा नाही. हलणाऱ्या वस्तूमागे डोळे धावतात. म्हणून "नाणं असलेला" हात हलला पाहिजे आणि खरं नाणं असलेला हात जागेवर पडून राहिला पाहिजे. नवशिका नेमकं उलट करतो. खोटं देऊन झालं की उजवा हात चोरासारखा मागे ओढतो, आणि सगळ्यांची नजर त्याच्यासोबत मागे जाते.

तुमचे डोळेही याच कामाला लावा. माणसं दुसऱ्याच्या नजरेमागे आपली नजर पाठवतात, हे आपण रोज अनुभवतो. गुस्ताव कुन आणि मायकल लँड या संशोधकांनी २००६ साली याची छान परीक्षा घेतली. जादूगाराने चेंडू दोनदा खरंच वर उडवला आणि तिसऱ्यांदा नुसता उडवल्यासारखा हात केला. चेंडू हातातच राहिला. तिसऱ्या वेळी जादूगाराने वर बघितलं तेव्हा निम्म्याहून अधिक प्रेक्षकांनी चेंडू वर गेल्याचं सांगितलं. तो हाताकडेच बघत राहिला तेव्हा तसं सांगणारे बरेच कमी झाले. हाताची हालचाल तीच होती. बदलली होती ती नजर. म्हणून खोटं देताना तुम्ही डाव्या मुठीकडे असं बघायला हवं, जणू तुम्हाला स्वतःलाच आत नाणं आहे याची खात्री आहे.

यापुढे मूठ लगेच उघडायची नाही. उजवा हात खिशात घाला आणि पेन बाहेर काढा. ते आधीपासून उजव्या खिशात असलं पाहिजे. पेन काढताना नाणं खिशात राहिलं. आता खरोखर दोन्ही हात रिकामे आहेत, आणि प्रेक्षकाच्या हिशेबाने अजून काहीच घडलेलं नाही. पेनने मुठीवर टिचकी मारा. बोटं एकेक करून, करंगळीपासून उघडा. शेवटचं बोट उघडलं की क्षणभर काही बोलू नका. त्या शांततेतच प्रेक्षकाला कळतं की काय झालं. तुम्ही बोललात तर तो क्षण तुम्हीच खाऊन टाकता. मग कुणी म्हणालंच, "दुसऱ्या हातात आहे," तर पेन टेबलावर ठेवून उजवा हातही सावकाश उघडा.

हात तयार झाला की आणखी सुंदर रूप करून बघा. नाणं उजव्या अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांवर उभं धरा, त्याची पूर्ण चकाकी समोर दिसू द्या. ते डाव्या तळव्यावर सावकाश टेकवा. डावी बोटं मिटत येतात आणि नाणं त्यांच्याआड जातं, त्याच क्षणी उजव्या अंगठ्याने ते स्वतःच्या बोटांमागे सरकवून घ्या. चमकणारी वस्तू शेवटपर्यंत दिसत होती, म्हणून ती मुठीत गेलीच, असं डोळा सांगतो. याला रिटेन्शन व्हॅनिश म्हणतात. सरकवायला घाई केलीत तर चकाकी आधीच नाहीशी होते. उशीर केलात तर उजव्या बोटांखालून नाण्याची कड डोकावते. त्या अर्ध्या सेकंदावर आरशासमोर महिनाभर मेहनत केली तरी ती वाया जात नाही.

चौथा : रेशमी रुमाल

थम्ब टिप म्हणजे अंगठ्यावर बसणारी, अंगठ्याच्याच आकाराची पोकळ टोपी. तिचं नाव अनेकांना ठाऊक असतं, आणि तरीही नीट वापरली तर समोर बसलेल्यालाही ती दिसत नाही.

रुमाल खऱ्या रेशमाचा, पातळ, साधारण बावीस-तेवीस सेंटिमीटरचा चौकोन असावा. सुती रुमाल इतका दबत नाही. जाड शिवलेल्या कडांचा रेशमी रुमालही अर्ध्यावर अडकतो. टोपी आत जरा सैल बसली पाहिजे, कारण शेवटी तिच्यात कोंबलेल्या रुमालासह अंगठाही घालायचा आहे.

टोपी उजव्या अंगठ्यावर घाला. हात रिकामे दाखवताना अंगठा थेट प्रेक्षकाकडे रोखा. समोरून पाहिलं तर फक्त टोक दिसतं, लांबी दिसत नाही, आणि टोपीची किनार त्या टोकामागे झाकली जाते. हात हलते ठेवा, एका जागी धरून दाखवू नका. डाव्या हाताची सैल मूठ करा आणि उजव्या अंगठ्याने तिच्यात जागा केल्यासारखं करून टोपी आत सोडून या. रुमालाचं एक टोक मुठीत, म्हणजे टोपीत, घाला आणि तर्जनी व अंगठा आलटूनपालटून वापरत थोडं थोडं कोंबत जा. शेवटचं दोन-तीन सेंटिमीटरचं टोक बाहेर राहिलं की क्षणभर थांबा, ते लोकांना बघू द्या, आणि अंगठ्याने आत दाबा. अंगठा टोपीत घुसतो आणि तिला घेऊनच बाहेर येतो. आता नजर डाव्या मुठीवर. उजवा हात सैल बाजूला. मुठीवर फुंकर मारा, हळूहळू उघडा.

टोपीचा रंग अंगठ्याशी तंतोतंत जुळला नाही म्हणून बरेच जण घाबरतात. हलत्या हातावर, अंगठा समोर रोखलेला असताना, थोडा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पकडलं जातं ते स्वतःच अंगठ्याकडे चोरून बघितल्यामुळे, किंवा अंगठा बाकीच्या बोटांआड लपवल्यामुळे. अंगठा लपवणारा माणूस संशय ओढवून घेतो. टोकाचा एखादा धागा टोपीबाहेर लोंबत राहणं ही दुसरी नेहमीची चूक. म्हणून कोंबताना सुरुवातीपासून रुमाल टोपीच्या तळाशी दाबत न्या, तोंडाशी गोळा करू नका.

पाचवा : हातातला पत्ता बदलतो

यासाठी डबल लिफ्ट लागते, म्हणजे वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटणं. कॅट डाव्या हातात धरा. गप्पा मारता मारता डाव्या अंगठ्याने वरचे दोन पत्ते किंचित उजवीकडे सरकवा आणि परत सरळ करताना त्यांच्याखाली करंगळीची पेर अडकवा. हे काम पत्ता दाखवण्याच्या बरंच आधी झालेलं असावं. आता दोन्ही पत्ते एकत्र पुस्तकाच्या पानासारखे उलटा. समजा इस्पिकचा एक्का दिसला. परत पालथे करा, फक्त वरचा एक पत्ता काढून प्रेक्षकाच्या तळहातावर ठेवा आणि त्यावर त्यांचाच दुसरा हात ठेवायला सांगा. एक्का गड्डीच्या माथ्यावर आहे, त्यांच्या हातात भलताच पत्ता आहे. थोडं बोला, वेळ जाऊ द्या, मग त्यांनाच पत्ता उलटायला सांगा. जादू त्यांच्या हातात घडते, म्हणून ती तुमच्या हातात घडलेल्या जादूपेक्षा कितीतरी पटींनी पोचते.

उलटताना दोन पत्त्यांच्या कडा सुटत असतील तर पत्ते लांबीच्या दिशेने अगदी हलके वाकवून धरा, म्हणजे ते एकमेकांना धरून राहतात. आणि एकदा दाखवलेला पत्ता "नीट बघितलात ना?" म्हणून पुन्हा दाखवू नका. खरा एकच पत्ता असलेला माणूस तसं विचारत नाही.

सराव कसा करायचा

आरसा चांगला, पण त्यात एक मोठी खोट आहे : गुपचूप काम करताना माणूस नकळत डोळे मिटतो, आणि आरशात नेमका तोच क्षण दिसत नाही. म्हणून फोनचा कॅमेरा वापरा. तो प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मीटर-दीड मीटर अंतरावर ठेवा. एकच प्रयोग चार जागांवरून टिपा : समोरून, डावीकडून, उजवीकडून, आणि जमिनीवर बसलेल्या मुलाच्या उंचीवरून. फिंगर पाममधलं नाणं आणि थम्ब टिपची किनार बहुतेक वेळा खालूनच दिसते, आणि नवशिक्यांना पकडणारी पहिली माणसं मुलंच असतात. दिसतंय तिथे हात वळवा किंवा प्रेक्षकांना तिथे बसू देऊ नका. पाठीमागे भिंत असेल अशी जागा निवडणं हे निम्मं काम आहे.

रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण त्यात बोलणंही म्हणा. मुकाट्याने केलेला सराव प्रेक्षकासमोर कोलमडतो, कारण तोंड चालू झालं की हात अडखळतात. नेमक्या कामाच्या क्षणी एखादा प्रश्न विचारायची सवय लावा. प्रश्न ऐकला की माणूस आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. हातांना तेवढी उसंत मिळते.

बाह्या कोपरापर्यंत वर करा, म्हणजे "बाहीत टाकलं" हा पहिला संशय सुरुवातीलाच संपतो. गडद कपड्यांसमोर फिकट वस्तू आणि फिकट कपड्यांसमोर गडद वस्तू उठून दिसते. रुमालाचा रंग निवडताना हे बघा. दिवा तुमच्या मागे असेल तर हात काळे दिसतात आणि जादू दिसत नाही. प्रकाश समोरून किंवा जरा वरून यायला हवा.

दाखवताना

पाच मिनिटांत तीन प्रयोग पुष्कळ. रबरबँडची उडी सुरुवातीला चांगली, कारण ती लगेच घडते आणि लोक गोळा होतात. मग तसंच दुसरं बँड कापून अंगठी चढवा. नाणं किंवा रुमाल शेवटी. पत्ते बसलेल्या लोकांसाठी ठेवा. उभ्या गर्दीत मागच्यांना पत्त्यांचे आकडे दिसत नाहीत.

"पुन्हा दाखवा" हे हमखास ऐकू येतं. तीच पद्धत पुन्हा वापरली तर प्रेक्षकाला आता काय घडणार ते ठाऊक असतं, आणि तो काम होतं तिथेच बघतो. फिंगर पामने नाणं नाहीसं केलं असेल तर पुढचं रिटेन्शन व्हॅनिशने करा, नाहीतर सरळ पुढच्या प्रयोगाकडे वळा. याला एक सुंदर अपवाद आहे. टोनी स्लायडिनी हे जादूगार समोर बसवलेल्या माणसाच्या डोक्यावरून कागदाचे बोळे एकामागून एक मागे टाकत. बाकीच्या सगळ्यांना ते दिसत, फक्त त्या एकाला दिसत नसत. तिथे पुन्हा पुन्हा करण्यातच गंमत होती. मात्र असं काही करून बघायचं झालं तर त्या एका माणसाचा मान राखूनच करा.

नाणं हातातून पडलं तर घाबरून हसू नका आणि माफी मागू नका. उचला, पुन्हा नीट दाखवा आणि या वेळी ते डाव्या हातात खरंच द्या. मूठ उघडून नाणं दाखवा, पुढे चला. दोन मिनिटांनी खोटं देणं करा. आधी खरं पाहिलेलं असल्यामुळे ते आणखी चांगलं चालतं. कुणी मध्येच तुमची मूठ धरली तर ओढाओढी नको. "थांबा, तुमच्याच हातात करू," म्हणून पत्त्याच्या प्रयोगाकडे वळा. रबरबँड मात्र दर वेळी आधी ताणून, उजेडात बारीक भेगा पाहून घ्या, आणि ताणताना ते मुलांच्या चेहऱ्यापासून हातभर तरी लांब धरा. जुनं, कोरडं पडलेलं बँड ताणल्यावर तुटतं, आणि तुटलेलं टोक थेट डोळ्यात जाऊ शकतं.